कौतुकाचा शुक्रवार

मंगळवारी दुपारी व्यवस्थापक टाचणीच्या टेबलापाशी आला, खाकरला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही म्हणजे आमच्या कपडेपटाचं रत्न आहात,” आणि टाचणीच्या हातातली सुई सरळ तिच्या अंगठ्यात गेली. राजपुत्राच्या अंगरख्यावर रक्ताचा डाग पडू नये म्हणून तिनं अंगठा तोंडात घातला. त्यामुळे तिला उत्तर देता आलं नाही, आणि ते बरंच झालं म्हणायचं, कारण तिच्या तोंडून जे निघालं असतं ते ऐकायला तो आला नव्हता. त्याला वाटलं, बाई भारावल्या. शुक्रवारी मधल्या मोठ्या खोलीत सगळ्यांनी जमायचं आहे, ज्याच्या त्याच्या अंगच्या गुणांचं कौतुक करायचं आहे आणि पहिला मान तुमचा, असं सांगून तो निघून गेला. टाचणीनं अंगठा बाहेर काढून पाहिला. रक्त थांबलं होतं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. हा माणूस इथं आल्यापासून तिच्याशी ‘हे उद्यापर्यंत होईल ना?’ याच्या पलीकडे कधी बोललेला नव्हता. आज एकदम रत्न! आणि तेही तिच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत. टाचणी स्वतः कुणाकडे बघून बोलत नसे, पण तो तिचा स्वभाव होता. व्यवस्थापकाचा नव्हता. तो सगळ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायचा, अगदी नको इतका. आज तोच खिडकीकडे बघत होता म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं.

टाचणी हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मास्तरांचं देणं. मास्तर म्हणजे इथले कापायचे आणि बेतायचे जुने शिंपी, चष्मा नाकाच्या टोकाशी, तोंडात कायम शिवी, नाहीतर शिवीचा मावसभाऊ. नाटकांना, सिनेमांना, शाळांच्या संमेलनांना कपडे भाड्यानं देणारी ती जागा, लांबच लांब, छतापर्यंत कपड्यांच्या रांगा. कपडे परत आले की ते टाचणीकडे यायचे. कुठं उसवलं, कुठं फाटलं, कुठली गुंडी गेली, काखेत घामाचा डाग किती खोल, हे बघायचं, दुरुस्त करायचं आणि जागेवर लावायचं. ती इथं लागली त्या आठवड्यातच तिनं मास्तरांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “तुम्ही ही बाही उलटी लावलीय.” मास्तरांनी बाही उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “ही पोरगी नव्हे, टाचणी आहे. दिसत नाही, पण बसलं की कळतं.” तेव्हापासून ती टाचणी. तिला ते नाव आवडलं होतं. टाचणीचं काम ठरलेलं असतं, तिला कुणी हसायला सांगत नाही.

आणि तिचा तो कोपरा! तो मिळायला तिला चाळिशी गाठावी लागली होती. आधी तिचं टेबल दाराशी होतं, तिथं दिवसभर ये-जा, दार वाजलं की तिच्या दातांत कळ. मग ते मध्ये आलं, तिथं डोक्यावरची ट्यूब गुणगुणायची, दुसऱ्या कुणाला ऐकू न येणारं गुणगुणणं, आणि त्या गुणगुणण्याखाली बसून ती संध्याकाळी घरी जायची ती पिळून टाकलेल्या फडक्यासारखी. शेवटी कुणाला न विचारता तिनं टेबल ओढत ओढत मागच्या भिंतीशी नेलं, थंडीच्या जाड कोटांच्या रांगेला लागून. सैनिकांचे कोट, सरदारांचे कोट, म्हाताऱ्या कारकुनांचे कोट. त्यांच्यामुळे सगळा आवाज मऊ होऊन यायचा. फारच झालं, कुणी भांडलं, कुणी जोरात हसलं, की टाचणी उठून त्या कोटांत शिरायची, दोन्ही बाजूंनी लोकर अंगावर दाबून घ्यायची आणि श्वास जागेवर आला की परत येऊन टाके घालायला लागायची. सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही म्हणत नसे. मास्तर फार तर ओरडायचे, “टाचणी हरवली रे, बसताना बघून बसा!” एवढं सुख तिला आयुष्यात दुसरीकडे कुठं मिळालं नव्हतं, आणि या वयात दुसरीकडे कुठं मिळेल अशी आशाही नव्हती. म्हणून तर ‘रत्न’ म्हटल्याबरोबर सुई अंगठ्यात गेली. कारण तिच्या आयुष्याचा अनुभव असा होता की आधी शाबासकी येते आणि मागोमाग काहीतरी काढून घेतलं जातं.

हे काही तिनं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सहा वर्षांची असताना आईनं एका सकाळी तिच्या वेण्या घालता घालता म्हटलं होतं, “किती शहाणी गं माझी बाई! किती शहाणी!” आई एरवी वेण्या घालताना ‘हलू नको’ म्हणायची. त्या दिवशी नवा फ्रॉक, रिक्षा, हातात बिस्किटाचा पुडा, आणि थेट दवाखाना. टॉन्सिल काढले. घशात आग, तोंडात रबराची चव, आणि शेजारी बसून आई पुन्हा तेच, शहाणी गं माझी शहाणी. मग शाळेत बाईंनी तिला फळ्यापुढे उभं करून सगळ्या वर्गाला सांगितलं होतं की हिच्यासारखं पाठांतर उभ्या शाळेत कुणाचं नाही. बाईंचा हात तिच्या खांद्यावर होता, तो हात तिला पूर्ण वेळ टोचत होता, तरी ती हलली नाही, कारण इतकं चांगलं तिच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. त्यानंतर वडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण हिला आमच्यापेक्षा बरी शाळा बघा. बरी शाळा! घरी येऊन वडील आईला म्हणाले, “काढलं तिला.” टाचणी दाराआड उभी होती. पाठांतर चांगलं असल्यामुळे तिला ते दोन शब्द अजून जसेच्या तसे, वडिलांच्या आवाजात पाठ होते.

आणि तो कापडदुकानातला. त्याची आठवण ती सहसा काढत नसे, पण मंगळवारच्या त्या दुपारी ती अंगठा चोखत बसली आणि तो आलाच. गोरा, हसरा, कानाला थोडा कमी ऐकू येणारा. त्याला कमी ऐकू यायचं म्हणून तो हळू आणि सुटं सुटं बोलायचा, आणि टाचणीला जगात पहिल्यांदाच एखाद्याचं बोलणं ऐकताना डोकं दुखत नव्हतं. दोघं बागेच्या बाकावर बसायची, तो चणे खायचा, ती फोलपटं गोळा करायची. तो म्हणायचा, “तू इतरांसारखी नाहीस.” ती घरी येऊन आरशासमोर उभी राहून ते वाक्य म्हणून बघायची. मग एकदा लग्नाची बोलणी करायला त्याच्या घरी सगळे जमले असताना त्याच्या काकूंनी विचारलं, “कशी झालीय गं भाजी?” आणि हिनं सांगितलं, “करपलीय.” भाजी करपलीच होती. सगळ्यांनी खाल्ली होती. त्यानंतर बाकावर तो चणे न खाता बसला, आणि म्हणाला, “काय करू, तू इतरांसारखी नाहीस ना.” दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. टाचणीचं तर दूध, ताक, पाणी सगळ्यानंच भाजलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चप्पल काढता काढताच विचारलं, “आई, तू मला शहाणी का म्हणायचीस?”

आई पाव भाजत होती. सत्तरीच्या पुढची बाई, पण जिभेला अजून धार. “आता हे काय मध्येच? शहाणी होतीस म्हणून म्हणायचे.”

“नाही. टॉन्सिल काढायचे होते म्हणून म्हणालीस. बाकीच्या दिवशी ‘वेंधळी’ म्हणायचीस.”

“अगं बाई, तेव्हाचं आता उकरून काय काढतेस? पोर रडू नये म्हणून म्हणतात सगळ्या आया. तुझी बहीण तर पेढा म्हटल्यावर सुईसुद्धा टोचून घ्यायची.”

“म्हणजे खोटं म्हणालीस.”

“खोटं नव्हे गं, लाडानं.” आईनं पाव उलटला. “कुणी काय म्हटलं तुला? कोण काय बोललं?”

“व्यवस्थापक मला रत्न म्हणाला.”

आईचा हात थांबला. मग ती नको तितक्या उत्साहानं म्हणाली, “बघ! मी म्हणत होते ना, कधीतरी कदर होईल?” पण त्या थांबलेल्या हातात जे होतं ते टाचणीनं पाहिलं. आईलाही शंका आली होती. आईनं लगेच तिच्यापुढे ताटली सरकवली आणि ताकीद दिली, “हे बघ, तिथं कुणाला तोंडावर काही विचारत बसू नकोस हं. लोकांना बरं वाटू दे. मान मिळतोय तर घ्यावा, हसावं आणि गप बसावं. तुझी जीभ म्हणजे हात दाखवून अवलक्षण.” हीच ताकीद बहिणीनंही फोनवरून दिली. तोंडावर विचारू नये, हा नियम त्या दोघींनी तिला लहानपणापासून इतका घोकवला होता की तो तिला टाक्यांपेक्षा पक्का झाला होता. विचारायचं नाही. समजून घ्यायचं. आता न विचारता समजून कसं घ्यायचं, हे मात्र आजवर दोघींपैकी एकीनंही सांगितलेलं नव्हतं.

बुधवार हा बळवाल्या बाईंचा दिवस. हेही नाव मास्तरांचंच. जुन्या मालकांनी जागा मोठ्या कंपनीला विकल्यापासून दर बुधवारी एक समुपदेशक बाई यायच्या, ज्यांचे मेंदू जरा वेगळ्या चालीचे आहेत अशांना गाठून विचारायच्या, तुमचं बळ कशात आहे? एक पोरगा पाढे उलटे म्हणायचा, एका गड्याला एका जागी बसवत नसे, आणि तिसरी टाचणी. टाचणीला ऑटिझम आहे हे तिला याच बाईंनी सांगितलं होतं, मागच्या हिवाळ्यात. तेव्हा तिला रडू नाही आलं की हसू नाही आलं. आपल्या घराला पत्ता मिळावा तसं वाटलं, पण पुढं वाटलं की आता लोक पत्ता शोधत येतील. बाई बोलायला गोड होत्या. गोडच जास्त. त्यांच्या अंगावरची शाल खऱ्या लोकरीची होती, एवढं मात्र टाचणीनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि त्यामुळे त्यांना थोडे गुण दिले होते.

“शुक्रवारी मी तुमच्याबद्दल बोलणार आहे,” बळवाल्या बाई म्हणाल्या. “तुमच्या बोटांतलं ज्ञान, तुमचा संयम, तुमचा प्रामाणिकपणा. चालेल ना?”

टाचणी शालीच्या काठाकडे बघत राहिली. दुकानदार कापडाची तारीफ कधी करतो? विकायच्या आधी. मास्तर ज्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणायचे ते हेच. लहानपणी तिनं हरभऱ्याचं झाड पाहिलं होतं, ते गुडघ्याएवढंही नसतं, त्यावरून पडून लागणार किती, असं तिनं मास्तरांना विचारलंही होतं. आता तिला कळत होतं की लागतं. “चालेल,” ती म्हणाली.

“तुमच्या मनात काहीतरी आहे. बोला की. इथं बोललेलं इथंच राहतं.”

ओठांपर्यंत आलं होतं. मला काढणार आहेत का? इतकं सोपं वाक्य. पण आईचा तो थांबलेला हात, बहिणीचा फोन, काकूंची भाजी, सगळं एकदम आठवलं. “काही नाही,” टाचणी म्हणाली, आणि गंमत बघा, मनातलं बोला म्हणून पगार घेणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि त्या उलट्या पाढ्यांच्या पोराकडे वळल्या.

मग खुणा दिसायला लागल्या. म्हणजे त्या आधीही असतील, पण टाचणी आता टिपून बघायला लागली. कपाटातली काळ्या दोऱ्याची रिळं संपली होती आणि नवी आली नव्हती. डांबराच्या गोळ्यांचा वास विरत चालला होता, तरी कुणी नव्या टाकल्या नव्हत्या. अनोळखी दोन माणसं फीत घेऊन कोटांच्या रांगेची लांबी मोजून गेली, तिच्याच कोपऱ्यातली, आणि जाताना एकानं तिच्या टेबलालाही फीत लावली. व्यवस्थापक हल्ली दार लावून जेवत होता. तिचे टाके आता कुणी तपासत नव्हतं, काहीही दिलं तरी ‘छान, छान’ म्हणून पुढं जायचं. हे सगळं कुणासाठी? तिच्यासाठी. दोरा कशाला आणायचा, दोरा वापरणारीच जाणार असेल तर? टेबल मोजलं म्हणजे दुसरीला ते पुरेल का बघितलं. तिनं एकेक खूण घेतली आणि बरोबर शेजारच्या खुणेला जोडत गेली. शिवणीत कुठंही झोळ नव्हता. आपलं एखादं शिवणकाम इतकं सफाईदार आलं असतं तर तिला आनंद झाला असता. गुरुवारी सकाळी तिनं आपली स्वतःची कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि सुयांची उशी पिशवीत भरली.

मास्तरांनी पाहिलं. “काय गं, चोरी करतेस होय?”

“माझीच आहेत.”

“मग नेतेस कुठं?”

“घरी. शुक्रवारनंतर मी इथं नसणार.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझं कौतुक करणार आहेत.”

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अगं शंकासुरा! लोक कौतुक करतात तेव्हा माणसं मिठाई खातात, बिऱ्हाड नाही बांधत. तुझ्या डोक्यात वाळवी लागलीय वाळवी. आणि हा बघ, हा टाका घातलायस की पेरणी केलीस? काढ तो परत.” टाका खरंच लांब पडला होता. टाचणीनं निमूट काढला, आणि गंमत म्हणजे तिला बरं वाटलं. मास्तर तिला कधी चांगलं म्हणत नसत, म्हणून मास्तरांची भीती नव्हती. पण हसून झाल्यावर मास्तर रिकाम्या रिळांच्या कपाटासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. मग त्यांनी कपाटाचं दार लावून टाकलं.

आणि मग गुरुवारी दुपारी ती भलतीच गोष्ट झाली. मास्तरांचं हसणं कुठंतरी आत गेलं असावं. टाचणी कोटांमध्ये उभी होती, आवाज झाला म्हणून नव्हे, उगीच. लोकर गालाला लागत होती. आणि तिच्या मनात आलं, खरं असेल तर? म्हणजे बाईंना खरंच तसं वाटत असेल, व्यवस्थापकाला खरंच तसं वाटत असेल आणि तो खिडकीकडे बघत होता तो केवळ लाजून. लाजतात माणसं. आपण आयुष्यभर मोजून-मापून ठेवलेला हा नियम चुकीचा असेल तर? ती अगदी हळू म्हणाली, “रत्न.” मग पुन्हा म्हणाली. तिला एकदम हसू फुटलं, आणि त्या हसण्यानं तिच्या छातीत असं काही मोकळं झालं की ती घाबरली. इतका आनंद तिला परवडणारा नव्हता. तरी तो आला. आपण चुकलेलं असावं, एकदा तरी आपली शंका तोंडावर आपटावी आणि आपण बरोबर नसावं, असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की संध्याकाळी निघताना तिनं पिशवी उघडली आणि कात्री परत टेबलावर ठेवली. अंगुस्तान आणि उशी मात्र पिशवीतच राहू दिली. अगदीच वेडी नव्हती ती.

शुक्रवारी मधल्या मोठ्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. टेबलावर फुलं होती. बाईंनी ट्यूब बंद करून खिडक्या उघडायला लावल्या होत्या, हे टाचणीच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. व्यवस्थापकानं पाठ केलेलं भाषण म्हटलं. प्रत्येकात काही बळ असतं, आपण सारे एक कुटुंब, वगैरे. कुटुंब म्हटल्यावर मास्तर टाचणीच्या कानाशी पुटपुटले, “झालं, आता वाटणी आलीच.” मग बळवाल्या बाई उठल्या आणि टाचणीबद्दल बोलायला लागल्या. त्या काय बोलल्या ते टाचणीला नीट ऐकू आलं नाही, कारण ती आपलं काळीज ऐकत होती. फक्त सुटे सुटे शब्द येत होते. बोटं. संयम. खरेपणा. ती उभी राहिली. आता टाळ्या होणार म्हणून तिनं खांदे आवळून घेतले, कारण टाळ्यांचा आवाज तिला अंगावर खडे पडल्यासारखा लागायचा.

टाळ्या झाल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम हात वर केले आणि आवाज न करता पंजे हलवायला सुरुवात केली. मास्तरांनी, गड्यानं, उलट्या पाढ्यांच्या पोरानं, इस्त्रीवाल्या दोघी जावांनी, व्यवस्थापकानंही. सगळे तिच्याकडे बघत, हसत, हात हलवत होते. इस्त्रीवाल्या धाकटीच्या डोळ्यांत तर पाणी होतं. टाचणीला आवाज सोसत नाही, म्हणून बाईंनी ही बिनआवाजाची टाळी सगळ्यांना गुपचूप शिकवून ठेवली होती. तिला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून तेवढं तिलाच सांगितलं नव्हतं. आता ज्या माणसाला धक्क्यांचंच वावडं आहे त्याला आनंदाचा का होईना धक्का द्यावा, ही चूक फक्त फार मायाळू माणसाच्याच हातून होते. टाचणीनं पाहिलं ते एवढंच, की एक खोली भरून माणसं तिला हात हलवून निरोप देत आहेत. स्टेशनवर देतात तसा. म्हणजे ठरलं. तिला वाटलं होतं निदान कुणी तोंडानं सांगेल. कालचा तो कोटांतला आनंद लाज होऊन कानांत चढला, आणि आई, बहीण, काकू, सगळ्यांचे नियम एका झटक्यात उसवले.

“मला काढताय का?” तिनं विचारलं.

हात हवेतच थांबले.

“अहो, नाही नाही,” बळवाल्या बाई धावल्या, “हे तर—”

“तुम्हाला नाही. त्यांना विचारतेय.” टाचणी व्यवस्थापकाच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे बघत होती. “मला काढताय का?”

“छे छे,” व्यवस्थापक हसला. हसताना त्याचा गळा हलला. “तुम्हाला एकटीला कशाला काढू?”

दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकून सोडून दिलं असतं. बाकीच्यांनी सोडलंच असतं, ते कधीचे मूग गिळून बसले होते. पण टाचणीच्या कानात शब्द जसाच्या तसा राहायचा. “एकटीला नाही,” ती म्हणाली. “मग किती जणांना?”

“हे बघा बाई, आजचा विषय तो नाही. आज आपण गुणांबद्दल—”

“सगळ्यांना?”

“तसं अजून कागदावर—”

“हो की नाही?”

व्यवस्थापकानं खिडकीकडे पाहिलं. मग खाली. “हो,” तो म्हणाला. “जागा बंद होतेय. वरून ठरलंय.”

यानंतर जो गोंगाट झाला तो टाचणीनं ऐकला नाही, कारण ती कोटांमध्ये पोहोचली होती. लोकर दोन्ही बाजूंनी दाबून घेऊन ती उभी राहिली, आणि रडली. आपली शंका खरी निघाल्याचं कुणाला इतकं वाईट वाटत असेल का, कोण जाणे. तिला वाटलं. तिनं सगळ्या खुणा बरोबर जोडल्या होत्या, फक्त अंगरखा आपल्या मापाचा समजली होती. तो सगळ्यांच्या मापाचा होता. दोरा, गोळ्या, फीत, सगळं सगळ्यांसाठी होतं. हा कोपरा गेला. हे कोटही जाणार, कुठं जाणार देव जाणे. आणि आपण इथं एकटीनंच घाबरून बसलो होतो, बाकीचेही घाबरलेले असतील हे आपल्याला सुचलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं रांगेच्या टोकाशी शालीचा काठ दिसला. बळवाल्या बाई आत आल्या नाहीत. बाहेरच, तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. “मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाजात आज गोडवा नव्हता. “आईची शपथ, माहीत नव्हतं. आणि ते हात हलवायचं तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकले मी.”

टाचणीनं विचार केला. “तुमचं काम राहणार?”

“नाही. जागाच नाही तर मी तरी कुठली?”

“मग आता माझ्याबद्दल चांगलं बोलून तुम्हाला काय मिळणार?”

“काही नाही.”

“मला काय मिळणार?”

“काहीच नाही.”

आधी शाबासकी, मग घाव, हा क्रम टाचणीला पाठ होता. इथं घाव होऊन गेला होता. काढून घेण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. असं तिच्या आयुष्यात याआधी झालं नव्हतं, आणि त्यामुळे तिला नियमात हे कुठं बसवावं कळेना. तिनं बाहीनं नाक पुसलं. “मघाचं मला ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “परत सांगा.”

बाई म्हणाल्या, “तुमच्या बोटांना कापड कळतं.”

“कळतं.”

“तुमच्यात संयम आहे.”

“तो नाही. मी नुसती गप असते. पुढचं.”

“खरेपणा—”

“त्यानं माझं लग्न मोडलं. पुढचं सांगा.”

बाई हसल्या की रडल्या ते पाठीवरून कळलं नाही. “आता मी नवं सांगू? आज बघितलेलं? आम्ही सगळे त्या खोलीत होतो. मला वाटतं निम्म्यांच्या मनात तोच प्रश्न होता. मीसुद्धा रिकामं कपाट बघितलं होतं. विचारलं फक्त तुम्ही. आणि उत्तर येईपर्यंत सोडलं नाहीत.”

तिनं ते वाक्य सगळीकडून दाबून पाहिलं, कुठं पोकळ लागतं का. लागलं नाही. बाहेर खोलीत अजून गोंधळ चालूच होता. सगळे एकदम बोलत होते, कुणी ओरडत होतं, आणि व्यवस्थापक त्या ओरडण्याच्या आडोशानं ‘बघू, कळवू, वरती बोलतो’ करत दाराकडे सरकत होता. मग मास्तरांचा आवाज आला, तो नेहमीसारखा नव्हता, जरा फाटलेला होता. “अरे गप बसा सगळे! टाचणी कुठाय? तिला बोलवा. आपल्याला हा काही सांगायचा नाही.”

टाचणी कोटांतून बाहेर आली. तिच्या केसांना लोकर लागली होती, डोळे सुजले होते. माणसांनी वाट करून दिली, आणि कुणीही हात हलवला नाही. तिनं एक खुर्ची ओढली, ती दार अडवेल अशी मांडली आणि व्यवस्थापकासमोर बसली.

“हे तुम्ही आम्हाला कधी सांगणार होतात?” तिनं विचारलं.

त्यानं तिच्या खुर्चीमागच्या दाराकडे पाहिलं. टाचणी त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे बघत बसून राहिली. उत्तराची वाट बघायचा तिला कधीच कंटाळा येत नसे.